कुठल्याही प्लेयरवर चालेल

भोरच्या बाजारपेठेत लतीफ तांबोळीचं दुकान होतं, आणि दुकानापेक्षा त्याची पाटी मोठी होती. पहिल्या ओळीत ‘अंजुम व्हिडिओ’. अंजुम ही त्याची बायको. नाव वर टाकलं की ती नव्या कॅमेऱ्याला हरकत घेणार नाही, असं त्याला वाटलं होतं, पण तसं काही झालं नाही. दुसऱ्या ओळीत ‘लग्न, बारसे, सत्कार यांचे शूटिंग व जुन्या कॅसेटची सीडी’. तिसऱ्या ओळीला मात्र लतीफनं पेंटरला हात लावू दिला नव्हता. ती त्यानं स्वतः रंगवली होती, अक्षर थोडं उतरतं झालं तरी चालेल म्हणून: ‘कुठल्याही प्लेयरवर चालेल.’

ही गोष्ट दोन हजार पाच सालची. तोवर भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यात घरोघर चायनाचे प्लेयर आले होते. लाइट दिवसातून बारा तास गायब, पण प्लेयर असायचाच, आणि त्याच्यावर क्रोशाचा रुमाल. या प्लेयरांचे स्वभाव फार नाजूक. पुण्याहून झकपक कव्हरात घालून आणलेली सीडी त्यांच्या पोटात गेली की घर्रघर्र करून ते सरळ निळा पडदा दाखवायचे. मग घरमालक प्लेयरला दोन थपडा मारायचा, सीडी सदऱ्याला पुसायचा आणि शेवटी लतीफकडे यायचा.

लतीफची पद्धत अशी होती. त्याच्या दुकानात पाच प्लेयर होते आणि पाचही एकापेक्षा एक वाईट. सगळ्यात भिकार जो होता त्याला तो ‘तहसीलदार’ म्हणायचा, कारण पहिल्या खेपेला तो काहीच स्वीकारायचा नाही. कॉम्प्युटरवर कॅसेट उतरवली, सीडी केली, की लतीफ ती थेट तहसीलदाराच्या तोंडात द्यायचा. “शाण्या मशीनवर काय, कुठलीबी सीडी चालती,” तो सांगायचा. “येड्या मशीनवर चालली तर खरी.”

माणसांच्या बाबतीतही त्यानं हाच नियम लावला होता. समोर येईल त्याच्या कानात सहज चालेल असंच तो बोलायचा. नवरीच्या मावशीला म्हणायचा, “मावशी, कॅमेऱ्यात तुमीच उठून दिसताय.” तेच तो नवऱ्याच्या मावशीलाही म्हणायचा. पंधरा वर्षांत चारशेच्या वर लग्नं केली, आणि एकाही घरात त्याचं वाकडं नव्हतं. अंजुम म्हणायची, “तुमाला स्वतःचं मत हाय का न्हाई?” तर हा म्हणायचा, “हाय की. तुझं जे आसंल ते.”

तर अशा या सर्वांशी जुळणाऱ्या माणसाच्या गळ्यात मार्गासनीच्या कुंडलिकचं लग्न पडलं होतं. म्हणजे कुंडलिकच्या थोरल्या मुलीचं. ते झालं होतं सत्त्याण्णव साली, पण त्याचा धूर अजून निघत होता.

कुंडलिक हा गडी मोठा हौशी. शेत बेताचं, पण मांडव तालुक्याला दिसेल असा. त्याला दोन चुलते. गेनबातात्या थोरल्या पातीतला म्हणून नात्यानं थोरला, चिमाजीबाबा वयानं थोरला. आता भावकीत पहिला मानाचा फेटा नात्याच्या थोरल्याला बांधायचा की वयाच्या थोरल्याला, हा प्रश्न एखाद्यानं आधी मिटवला असता. कुंडलिकनं तो मांडवावर सोडला. माइकवरच्या माणसानं “आता मानाचा पहिला फेटा” असं म्हणायचा अवकाश, दोन फेटेवाले दोन बाजूंनी धावले आणि दोघांनी दोन डोकी एकदम धरली. कुणाचा तुरा आधी वर आला हे कुणालाच सांगता येईना. गेनबा म्हणाला माझा. चिमाजी म्हणाला माझा. जेवणाआधी शिव्या झाल्या, जेवणानंतर त्यांना जोर चढला, आणि त्या दिवसापासून ती दोन घरं एकमेकांच्या सुखाला गेली नाहीत की दुःखाला गेली नाहीत. दोघांचं म्हणणं मात्र एकच होतं: “कॅसेट काडा. कॅसेटमधी समदं हाय.”

कुंडलिकनं कॅसेट काढली नाही. ज्याच्या विरुद्ध निघेल तो चुलता कायमचा तुटणार, एवढी अक्कल त्याला होती. व्हीसीआर भाड्यानं आणून सगळ्या वाडीला लग्न दाखवायचं ठरलं होतं, ते त्यानं मोडलं आणि कॅसेट पत्र्याच्या पेटीत घालून वर कुलूप लावलं. मुलीच्या लग्नाची कॅसेट मुलीनंसुद्धा पाहिली नाही.

आणि लतीफ? तो पुढच्या आठवड्यात गेनबाच्या घरी उरलेली फोटोची पाकिटं द्यायला गेला. गेनबानं विचारलं, “लतीफ, तू खरं सांग, कॅसेटमधी पयला कोण?” गेनबाच्या घरात तीन लग्नं व्हायची होती. लतीफ म्हणाला, “तुमीच की, तात्या.” तिथून तो चार घरं टाकून चिमाजीकडे गेला. तिथं पाच लग्नं व्हायची होती. तिथंही तो म्हणाला, “बाबा, तुमच्याबिगर कोन?” आठही लग्नं पुढं लतीफनंच केली.

खरी गोष्ट त्याच्या एकट्याच्या पोटात होती. कॅसेटमध्ये पहिला फेटा नव्हताच. त्या क्षणी कुंडलिकनंच त्याचा दंड धरून ओढलं होतं. “आरं ते सोड! सायेब निघाले, त्यांची जीप घे आधी!” पुण्याहून आलेला कुणी पुढारी अक्षता न टाकताच निघाला होता, आणि कुंडलिकला त्याची जीप आपल्या मांडवासमोर हवी होती. लतीफनं जीप घेतली. जीप चिखलात रुतली म्हणून जास्तच घेतली. तो परत आला तोवर सहा फेटे बांधून झाले होते आणि सातवा चालू होता. सातवा होता टेम्पोवाल्या ज्ञानूचा, ज्यानं मांडवाच्या खुर्च्या आणल्या होत्या.

आठ वर्षं ही जीप पेटीत बंद होती. मग कुंडलिकच्या धाकटीचं, शेफालीचं, भोंगवलीच्या घरात जमलं. भोंगवलीकर विचारणार, तुमची भावकी कुठं आहे? थोरले कुठं आहेत? मुलीच्या पाठीशी दोन म्हातारे उभे नसतील तर पहिल्याच दिवशी तिची किंमत उतरणार, हे कुंडलिकला कळत होतं. तो दोन्ही उंबरे झिजवून आला. दोघांनीही तेच सांगितलं: आधी लग्न दाखव, मग लग्नाला येतो. आता गावात व्हीसीआर कुणाकडे उरला नव्हता. कुंडलिकनं पेटीचं कुलूप तोडलं, कारण किल्ली हरवली होती, आणि कॅसेट घेऊन भोरला आला.

“लतीफ, हिच्या दोन सीड्या कर. येक तात्याला, येक बाबाला. दोगांच्याबी मशीनवर चालली पायजे.”

“चालंल की, आण्णा.” कॅसेटमध्ये काय आहे ते लतीफला माहीत होतं, पण सवय सुटत नाही.

“आनी त्यात पयला फेटा हाय न्हवं?”

“हाय की.”

कुंडलिक गेल्यावर लतीफनं शटर अर्धं ओढलं आणि कॅसेट लावली. कडांना बुरशी आली होती, तरी चित्र स्वच्छ होतं. त्याला स्वतःचाच अभिमान वाटला. सत्त्याण्णव साली खांद्यावर पाच किलोचा कॅमेरा घेऊन त्यानं नवरीच्या कपाळावरचा एकेक तांदूळ टिपला होता. आणि मग आली जीप. लाल माती उडवणारं मागचं चाक, ढकलणारी माणसं, पुन्हा चाक. सात मिनिटं. त्यानंतर ज्ञानू, ओठाखाली तंबाखू धरून, सातवा फेटा बांधून घेताना. एवढं स्पष्ट की त्याच्या शर्टाचं तुटलेलं बटण दिसावं.

हे दोन्ही घरांत दिसलं की काय होणार ते लतीफला दिसत होतं. गेनबा म्हणणार, तू मला सांगितलं होतंस. चिमाजी म्हणणार, मला सांगितलं होतंस. आणि कुंडलिक म्हणणार, मी म्हणालो जीप घे, पण तुला अक्कल नव्हती का? शेफालीच्या मांडवातली दोन मानाची आसनं रिकामी राहणार, ती या सात मिनिटांमुळं. पोरीला त्यानं परकर-पोलक्यातल्या वयापासून कॅमेऱ्यात धरलं होतं. त्याला खरंच वाईट वाटलं, आणि त्याच वेळी आपली पाटी उतरवावी लागेल याचंही वाटलं. कुठलं जास्त, ते त्यानं स्वतःला विचारलं नाही.

पहिल्यांदा त्यानं इमानदारीनं सीडी केली. तीन तासांचं लग्न, चित्र चांगलं ठेवायचं तर तीन सीड्या लागतात. दोनदा कॉम्प्युटर नव्वद टक्क्यांवर आला आणि लाइट गेली. तिसऱ्या दिवशी जमलं. कुंडलिकनं तिन्ही हातात घेतल्या आणि त्याचा चेहरा पडला.

“लगीन येक आन् सीड्या तीन? पोरीच्या लग्नाचं तीन तुकडं करतो व्हय रं? धाकटीचं आता व्हायचंय. आशुभ! येकात बसव.”

“आण्णा, येकात बसवलं तर चित्र बिगडंल.”

“बिगडू दे. तुटाया नगं.”

आता मार्गासनीत आणि आसपासच्या दहा गावांत हा नियम कुठून आला कुणास ठाऊक. खोऱ्यात सीडी येऊन चार वर्षं झाली नव्हती आणि तिच्यात शुभ-अशुभ आलं होतं. पण लतीफनं काम केलं. तीन तास एका सीडीत कोंबले. कोंबायचं म्हणजे चित्रातला तपशील काढून टाकायचा. जितकं कोंबाल तितकं चित्र उडतं आणि चौकोन राहतात. सीडी तयार झाली, त्यानं ती तहसीलदाराला दिली, आणि तहसीलदारानं आयुष्यात पहिल्यांदा काही कुरकुर न करता ती घेतली.

पडद्यावर मांडव होता, पण माणसं नव्हती. माणसांच्या जागी हलणारे चौकोन होते. नवरी म्हणजे लाल चौकोन, भटजी म्हणजे पांढरा, आणि ज्ञानू म्हणजे खाली निळा, मध्ये गव्हाळ आणि वर भगवा असे तीन चौकोन. बटण गेलं, तंबाखू गेली, ज्ञानूही गेला. कुणीतरी एक माणूस मानानं बसून फेटा बांधून घेत होता, एवढंच कळत होतं.

लतीफ बराच वेळ त्या चौकोनाकडे बघत राहिला. मग त्यानं जीप कापली. ज्ञानूच्या पाठी माइकवर “टेम्पोचे मालक” असं ऐकू येत होतं, तिथं त्यानं सनई टाकली. इतकी वाईट सीडी त्यानं जन्मात केली नव्हती, आणि ती करताना त्याचे कान गरम झाले होते. अंजुम चहा घेऊन आली, पडद्याकडे बघून म्हणाली, “आवं, हे काय? कुनाचं तोंड दिसंना.” लतीफ म्हणाला, “चालती ना? बास झालं.”

दुसऱ्या दिवशी दुपारी लाइट असतानाच्या वेळात तो एम-एटी मोपेडवरून कापूरव्होळ, नसरापूर करत मार्गासनीला पोचला. आधी गेनबाकडे. सगळं घर टीव्हीपुढं बसलेलं. फेट्याची वेळ आली, सनई वाजली, आणि भगवा चौकोन हलायला लागला.

“हा मी!” गेनबा ओरडला. “बगा, मान कशी ताठ हाय!”

“व्हय, तात्याच हायती,” सून म्हणाली. “बसन्यावरनं कळतंय.”

नातवाला बसणं ओळखू आलं, पुतण्याला खांदा ओळखू आला. गेनबाची बायको धोंडाबाई तेवढी म्हणाली, “आवं, पर तुमच्या अंगात तवा निळा सदरा हुता का?” तिला सगळ्यांनी गप्प केलं. गेनबाच्या डोळ्यांत पाणी आलं. आठ वर्षांनी न्याय झाला होता. मग तो मोठ्या मनानं म्हणाला, “चिमाजीबी आता बगंल. काय वाटंल बिचाऱ्याला! जाऊ द्या. मी आता मोठेपना घेतो.”

चार घरं पलीकडे चिमाजीच्या घरात हेच झालं. फक्त इथं चौकोनाचं ओठावर हात फिरवणं ओळखू आलं, कारण चिमाजीला मिशीवर हात फिरवायची सवय होती. तो ज्ञानू तंबाखू सारत होता, हे लतीफ सोडून जगात कुणाला माहीत नव्हतं. चिमाजीनं लतीफच्या पाठीवर थाप मारली. “खरं बोलला हुतास तू. आता गेनबाचं तोंड बगवंल का कुनाला? पर मी टोचून बोलनार न्हाई हां. थोरल्यानं पोटात घ्यावं.”

दुसऱ्या दिवशी दोघे एसटी थांब्यावर समोरासमोर आले. दोघांनीही एकमेकांकडे दयेनं बघितलं आणि हसले. तंबाखूची देवाणघेवाण झाली. सगळ्या गावानं तोंडात बोटं घातली. कुंडलिक देवाला नारळ फोडून आला, आणि आठवड्याच्या आत लतीफकडे तीन गिऱ्हाइकं आली. “मार्गासनीच्या लग्नावानी सीडी करा आमची. वाद मिटतो म्हनं तिच्यानं.” पंधरा वर्षं ज्यानं कपाळावरचा तांदूळ दाखवला त्याला लोक आता चौकोन मागत होते. लतीफनं तीही करून दिली.

शेफालीच्या लग्नाला दोन्ही म्हातारे सहकुटुंब हजर, आणि पुण्याचा पुढारीही. भोंगवलीकरांची तोंडं बंद झाली. लतीफ नवा कॅमेरा घेऊन उभा होता, दोन जादा बॅटऱ्या खिशात. आणि मग माइकवरच्या माणसानं गळा साफ केला, तसा कुंडलिकला घाम फुटला. गेनबा सरसावून बसला. चिमाजी सरसावून बसला. आता तर दोघांकडेही पुरावा होता.

कुंडलिकनं मांडवभर नजर फिरवली, आणि ती लतीफवर थांबली. तो दोन्ही चुलत्यांच्या मध्ये वाकला.

“तात्या, बाबा, म्या काय म्हंतो, पयला फेटा लतीफभाईला बांदू. समदं त्यानं मिटवलं.”

लतीफनं ऐकलं आणि त्याच्या छातीत काहीतरी लख्ख झालं. चारशे लग्नं. एकाही मांडवात त्याला कुणी बस म्हटलं नव्हतं. जेवायचं ते शेवटच्या पंगतीत, कॅमेरा मांडीवर घेऊन. आज पहिला फेटा त्याला.

“बांदा की,” गेनबा म्हणाला. “त्यो काय आपल्या मानात येतोय? त्याला बांदला तर कुनाचं काय जातंय?”

“कायबी जात न्हाई,” चिमाजी म्हणाला. आठ वर्षांत दोघांचं एकमत झालं ते या एका गोष्टीवर.

लतीफनं तेही ऐकलं. तो हसला, कारण हसायची सवय होती. कॅमेरा हातात असताना फेटा बांधता येत नाही, म्हणून त्यानं तो बंद करून खुर्चीवर ठेवला. फेटेवाल्यानं नऊ वार भगवं कापड पिळून त्याच्या डोक्याला वेढे दिले, तुरा काढला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. काही झालं तरी फेटा खरा होता आणि तो डोक्यावर होता. लतीफला मनापासून बरं वाटलं, आणि बरं वाटतंय याचा रागही आला.

मग दोन फेटेवाले दोन बाजूंनी निघाले. लतीफनं कॅमेरा उचलला, दोन्ही म्हाताऱ्यांकडे एकदा बघितलं आणि कुंडलिकला आपण होऊन विचारलं, “आण्णा, सायबांची गाडी घ्यायची का?”

“घे घे, लवकर घे!” कुंडलिक म्हणाला.

तो गाडी घेऊन परतला तेव्हा मांडव शांत होता आणि दोघे म्हातारे फेट्यात बसले होते. कुंडलिक घाईघाईनं आला आणि हळूच म्हणाला, “लतीफ, येक फेटा कमी पडतोय. नवरदेवाचा मामा उगड्या डोक्यानं बसलाय. तुजा दे जरा. तुला तरी कॅमेऱ्यात बगताना आडवाच येतोय.” लतीफनं दोन्ही हातांनी फेटा अलगद, न सुटता उतरवला आणि दिला. मामाला तो थोडा सैल झाला.

घरी आल्यावर त्यानं अंजुमला सांगितलं. तिनं कंबरेवर हात ठेवला. “तुमाला? पयला फेटा? मंग कुठाय?”

“दिला.”

“बरं, दाखवा तर.”

चार दिवसांनी सीडी झाली. या वेळी त्यानं ती तीन तुकड्यांत, चांगल्या चित्रात, फक्त घरासाठी केली. अंजुम टीव्हीपुढं बसली. नवरी आली, अक्षता झाल्या, माइकवर “पहिला मानाचा फेटा” असं ऐकू आलं, आणि चित्र तुटलं. पुढं एक मोठी पांढरी गाडी मागं-पुढं होत वळत होती. त्यानंतर नवरदेवाचा मामा दिसला, सैल फेट्यात, अगदी स्वच्छ.

“आवं, तुमी कुठं हाय ह्यात?” अंजुमनं विचारलं.

लतीफ प्लेयरवरचा रुमाल नीट करत होता. तो वळला नाही.

“हाय की,” तो म्हणाला. “कॅसेटमधी समदं हाय.”